सोमवारची पोटदुखी

दिल्लीशेजारच्या इंदिरापुरममधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर शाळेची बस सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी येते. हिवाळ्यात धुकं असं असतं की बस दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू येतो. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या मराठी घरातला आठ वर्षांचा मुलगा त्या गेटवर पोट धरून उभा राहायचा. कुटुंब नागपूरहून बदली होऊन आलेलं, वर्ष झालं नव्हतं. मुलाचं पोट दुखायचं ते बहुतेक सोमवारी. आईने ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. व्हिडिओ कॉलवर नागपूरच्या आजीने विचारलं, ‘काल काय खाल्लं होतंस?’ बालरोगतज्ज्ञांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात, आई भाजी निवडत असताना आणि कुणीही काहीही विचारलेलं नसताना, तो म्हणाला की बसमधली मुलं त्याच्या नागपुरी हिंदीतल्या ‘मेरेको’वर हसतात आणि दिवसभर त्याला त्याच नावाने हाक मारतात.

या तीन आठवड्यांत घरात त्याच्या पोटाची चौकशी रोज झाली. शुक्रवारी शाळेत काय झालं, हे कुणी विचारलं नाही. त्या घराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपल्यापैकी बहुतेक घरांत हेच होतं. दुखणं सांगितलं की मूल मांडीवर येतं, शाळा बुडते, मऊ भात मिळतो. दुःख सांगितलं की उपदेश मिळतो. मूल हे फार लवकर शिकतं, आणि मग ज्या खिडकीवर काम होतं तिथेच रांग लावतं.

मानसशास्त्रज्ञ वैशाली रावल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या मुलांचा आणि आयांचा जो अभ्यास २००७ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला, तो नेमका याच जागी बोट ठेवतो. राग, दुःख आणि शारीरिक वेदना यांपैकी काय बोलून दाखवावं, काय गिळावं, हे त्यांनी मुलांना विचारलं. वेदना दाखवायला मुलांना संकोच कमी वाटत होता; राग आणि दुःख लपवण्याकडे कल जास्त होता. अभ्यास अहमदाबादकडचा असला तरी निष्कर्ष वाचताना मला आपलीच स्वयंपाकघरं दिसली. घरी मुलांना भावना कळाव्यात, बोलता याव्यात म्हणून काय करावं, या प्रश्नावर गेली काही वर्षं पुस्तकं, कार्यशाळा, चेहऱ्यांचे रंगीत तक्ते यांचा पूर आला आहे. त्या सगळ्याचा आढावा घेताना माझ्या मनात हा एकच प्रश्न राहिला: आपल्या घरात पोटाला जेवढा मान आहे, तेवढा मनाला कधी मिळणार?

मूल पडतं. आपण म्हणतो, ‘काही नाही झालं, मुंगी मेली बघ.’ किंवा जमिनीलाच चापट मारतो. यात माया असते, नाही असं नाही. पण मुलाला तर लागलेलं असतं, आणि सगळ्यात विश्वासाचं माणूस सांगत असतं की लागलं नाही. पुढे ‘एवढ्याशा गोष्टीला कुणी रडतं का’, ‘मुलीसारखा काय रडतोस’, ‘मोठी झालीस ना आता’, ‘बघ तो कसा शहाण्यासारखा बसलाय’ हे सगळं त्याच मुंगीचं पुढचं रूप आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नव्वदच्या दशकात घराघरांतली संभाषणं नोंदवून पालकांचे चार ढोबळ प्रकार पाडले: भावना उडवून लावणारे, दटावणारे, ‘रड हवं तेवढं’ म्हणून सोडून देणारे, आणि सोबत करणारे. पहिल्या दोन प्रकारांत आपण सगळे आलोच. तिसरा प्रकार हल्ली नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींत वाढताना दिसतो. मूल लिफ्टमध्ये दुसऱ्याच्या आजीला लाथ मारतं आणि आई शांतपणे म्हणते, ‘ही इज एक्स्प्रेसिंग हिमसेल्फ.’ गॉटमन यांना हे अभिप्रेत नव्हतं. भावना कुठलीही असो, ती मान्य. वाटेल तसं वागणं मात्र मान्य नाही, ही त्यांच्या चौथ्या प्रकारातली अट आहे, आणि समाजमाध्यमांवरच्या छोट्या व्हिडिओंत ती बहुतेक वेळा गळून पडते.

त्यांच्याही आधी, १९६५ मध्ये, हाइम गिनॉट यांनी पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हेच साध्या भाषेत मांडलं होतं. आणि गिनॉट यांच्याही आधी आपल्याकडे ते मांडलं गेलं होतं, हे मराठी पालकांना आठवण करून द्यावं लागतं याची खंत वाटते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि अंगणात, कुरणात, आदिवासी पाड्यावर मुलांचं शिक्षण उभं राहिलं. पण ताराबाईंचं निम्मं काम पालकांशी होतं. ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी मराठीत वर्षानुवर्षं चालवली ती शिक्षकांइतकीच आईबापांसाठी. मुलाला मारू नका, भीती घालू नका, लाच देऊ नका, त्याची तुलना करू नका, हे त्या काळी सांगणं म्हणजे वाड्यातल्या चार म्हाताऱ्यांचा रोष ओढवून घेणं होतं. गिजुभाईंच्या एका गुजराती पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘आईबाप होणं अवघड आहे’ असा आहे. पुढे पुण्यात गरवारे बालभवनातून शोभा भागवतांनी हा धागा पकडला. त्यांचं ‘आपली मुलं’ हे पुस्तक अजूनही घराघरांत दिसतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याची भाषा मराठीत रुळवली. त्यामुळे ‘हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे’ असं कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर कुणी काका लिहितात, तेव्हा त्यांना कोसबाडचा पत्ता द्यावा.

परंपरेचं सगळंच उजळ होतं असं नाही. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. भावनांच्या शिक्षणाचं मराठीतलं सगळ्यात वाचलं गेलेलं पुस्तक तेच. त्यातला पोहण्याचा प्रसंग मी मोठेपणी पुन्हा वाचला तेव्हा अडखळलो. श्याम पाण्याला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला मारते. तो पोहायला जातो. परत आल्यावर तीच आई त्याला जवळ घेते. माया खरी आहे, मारही खरा आहे. मात्र भीतीची विचारपूस आधी होत नाही. आपल्या पिढीने या पुस्तकातून माया किती उचलली आणि मार किती, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्यापुरता करावा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक छळ आणि दर दोघांमागे एकाने भावनिक छळ सोसल्याचं आढळलं. भावनिक छळ करणारे बहुतांशी आईवडीलच होते. पाहणीत दिल्लीही होती. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतल्या माराला आणि मानसिक छळाला बंदी घातली. घराच्या उंबऱ्याच्या आत हा कायदा येत नाही.

त्याच परंपरेत एक गोष्ट मात्र अशी आहे की आधुनिक प्रयोगशाळेने तिच्यापाशी यावं. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, आणि त्यातलं बोलणं मनाशी आहे: मन म्हणजे समोर बसलेला कुणी, आपण त्याला समजावतोय. दिवेलागणीला ते पाठ म्हणणाऱ्या पोराला अर्थ कळत नसे. पण ‘मी’ आणि ‘माझं मन’ यांच्यात एक हाताचं अंतर असतं, ही सवय नकळत लागत असे. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस यांनी गेल्या दशकात दाखवलं की माणूस स्वतःशी ‘मी’ न म्हणता स्वतःच्या नावाने बोलला तर ताण हाताळणं सोपं जातं. त्यांनी आणि इतरांनी २०१७ मध्ये चार व सहा वर्षांच्या १८० मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी खेळायला टॅब ठेवला. ‘मी नीट काम करतोय का’ असं विचारणाऱ्या मुलांपेक्षा स्वतःचं नाव घेऊन तोच प्रश्न विचारणारी मुलं जास्त वेळ टिकली, आणि सगळ्यांत जास्त टिकली ती अंगरखा चढवून ‘बॅटमॅन नीट काम करतोय का’ असं विचारणारी. समर्थ आणि बॅटमॅन एका ओळीत आणल्याबद्दल दोन्हीकडच्या भक्तांनी क्षमा करावी. पण रागावलेल्या मुलीला ‘तू का चिडलीस’ असं विचारण्याऐवजी ‘तिच्या बाहुलीला काय झालंय’ असं विचारून बघा, ती लगेच सांगते. भातुकलीत हेच चालायचं. भोंडल्यात सासुरवाशिणी हेच करायच्या: स्वतःचं दुःख गाण्यातल्या सुनेच्या तोंडी घालायच्या. दिल्लीची महाराष्ट्र मंडळं नवरात्रात भोंडला हौसेने घालतात, फक्त त्यातलं गाऱ्हाणं आता खिरापतीच्या मागे पडलं आहे.

मग संशोधन नेमकं काय सांगतं? बरंच काही, आणि सगळंच एका वजनाचं नाही.

ज्युडी डन यांनी १९९१ मध्ये मांडलेला निष्कर्ष मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो, कारण त्यात नवं तंत्र काही नाही. ज्या घरांत मूल तीन वर्षांचं असताना भावनांबद्दल जास्त बोलणं होई, त्या घरांतली मुलं सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या मनातलं जास्त ओळखत. त्यात भांडणातलं बोलणंही आलं. म्हणजे आई आणि मूल खेळण्यावरून वाद घालताहेत, आणि आई सांगतेय की ताईला का वाईट वाटलं, हीच शाळा. बोलणाऱ्या घरांत इतरही पुष्कळ गोष्टी चांगल्या असतात, तेव्हा सगळं श्रेय बोलण्याला देता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट हट्टाची. पॉटेगल आणि डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये तीनशेहून अधिक लहान मुलांच्या थयथयाटाचा बारकाईने अभ्यास केला. त्यात दिसलं की राग लवकर चढतो आणि ओसरतो. दुःख मात्र सगळा वेळ खाली वाहत असतं आणि शेवटी तेच उरतं. फरशीवर लोळणारं मूल पाच मिनिटांनी आपणहून कुशीत येतं ते यामुळे. रागाच्या शिखरावर केलेला उपदेश पालथ्या घड्यावर पाणी. त्या वेळी मूल सुरक्षित आहे एवढं पाहावं, आपला आवाज खाली आणावा, आणि बोलायचं ते कुशीत आल्यावर. नोएडातल्या सेक्टर अठराच्या मॉलमध्ये शंभर लोक बघत असताना हे पाळणं कठीण असतं, कारण तिथे आपल्याला मुलाचा राग आवरायचा नसतो, आपली लाज आवरायची असते.

तिसरी गोष्ट, नाव देण्याची. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात प्रौढांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. ज्यांनी त्या भावनेला शब्द दिला त्यांच्या मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाची हालचाल मंदावलेली दिसली. यावरून ‘नाव द्या, भावना पळाली’ असा मंत्र करून टाकला गेला. तेवढं सोपं ते नाही. सहा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी आनंद आणि धास्ती वाटू शकते, पण दोन्ही एकत्र असतात हे त्याला उलगडतं साधारण आठ-नऊच्या सुमारास. नव्या शाळेत जाताना ‘तुला आनंद होतोय की भीती वाटतेय?’ असा पर्याय देणं म्हणजे त्याला चुकीचं उत्तर द्यायला लावणं. ‘थोडी मजा, थोडी धाकधूक, हो ना?’ हे बरं.

आता मुद्दा भाषेचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव मांडले आणि त्यांच्यावरून लाटांसारखे येणारे-जाणारे तेहतीस भाव वेगळे काढले: असूया, शंका, ग्लानी, दैन्य, व्रीडा. ती शास्त्राची यादी झाली. मराठी बोलीची यादी त्याहून गोड आहे. मूल रुसतं, फुगतं, फुरंगटतं, हिरमुसतं, खट्टू होतं, कावरंबावरं होतं, बावरतं, ओशाळतं, धुसफुसतं, कुढतं. रुसणं आणि रागावणं यांत फरक आहे: रुसणाऱ्याला समजूत काढायला कुणी हवं असतं. हिरमुसणं हे दुःखाहून हलकं, त्यात अपेक्षेवर पाणी पडलेलं असतं. एवढा ऐवज घरात असताना दिल्लीतल्या आपल्या मुलांकडे शब्द उरतात तीन: ‘बोर’, ‘फाइन’ आणि ‘मूड ऑफ’. त्यात शेजारची हिंदी गंमत करते. आपल्या मुलाने वर्गात ‘मला राग आलाय’ म्हटलं तर मित्राला वाटतं हा गाणं शिकायला लागला. आपण ‘चेष्टा’ म्हणतो ती टिंगल, त्यांची ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. घरातला शब्द दाराबाहेर चालत नाही, बाहेरचा घरात परका वाटतो, आणि मधल्या लिफ्टमध्ये मूल गप्प राहतं.

कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या, मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या माणसांच्या बोटांना यंत्र लावून पाहिलं: लहानपणी ऐकलेली ओरडण्याची वाक्यं मातृभाषेत ऐकवली की त्वचेवरची प्रतिक्रिया जोरात उमटे, इंग्रजीत ऐकवली की मंद. मातृभाषा थेट कातडीखाली जाते. आता दिल्लीतलं एखादं मराठी घर ऐका. कौतुक इंग्रजीत होतं: ‘गुड जॉब’, ‘प्राउड ऑफ यू’, फोन ठेवताना ‘लव्ह यू’. अभ्यास घेताना, दूध सांडल्यावर, गुण कमी पडल्यावर मात्र अस्सल मराठी: ‘गाढवा’, ‘डोकं कुठंय तुझं’, ‘अक्कल गहाण टाकलीस का’. म्हणजे जी भाषा सगळ्यांत खोल जाते ती आपण ओरडायला राखून ठेवली, आणि मायेचं बोलणं अशा भाषेत नेलं जी आपल्या स्वतःच्याही कातडीवरून ओघळून जाते. मुलं मराठी बोलत नाहीत म्हणून मंडळाच्या सभेत हळहळणाऱ्यांनी हे एकदा तपासावं. जी भाषा घरात फक्त रागावते, ती मूल का धरून ठेवील?

मायेला शब्दच लागतात असं नाही, हेही मान्य. आपल्याकडे आई ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणत नाही. ‘जेवलास का’ म्हणते, साय बाजूला काढून ठेवते. रावल यांच्यासारखे अभ्यासक हेच सांगतात की भारतीय घरांत भावना बोलण्यापेक्षा कृतीत जास्त असते, आणि अमेरिकी फूटपट्टीने ती मोजू नये. नेपाळमधला एक अभ्यास इथे फार बोलका आहे. पामेला कोल यांनी २००६ मध्ये दाखवलं की तामांग समाजातली मोठी माणसं रागावलेल्या मुलाला दटावत पण शरमलेल्या मुलाला समजावत. शेजारच्या ब्राह्मण वस्तीत रागावलेल्याला समजावत, शरमलेल्याकडे लक्ष देत नसत. तेव्हा एकच बरोबर पद्धत असं काही नसतं. पण एक भान ठेवलं पाहिजे: सायीची वाटी दुःखाच्या वेळी पुढे करणं वेगळं, आणि दुःखाचा विषय टाळायला पुढे करणं वेगळं. मुलाला हा फरक आपल्याआधी कळतो.

दिल्लीने या प्रश्नाला सरकारी पातळीवर हात घातला, देशात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर. २ जुलै २०१८ रोजी त्यागराज स्टेडियममध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत ‘हॅपिनेस करिक्युलम’ सुरू झाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्री मनीष सिसोदिया यांचा तो लाडका उपक्रम. नर्सरीपासून आठवीपर्यंत यासाठी वेगळा तास, परीक्षा नाही, गुण नाहीत. सुरुवातीला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष, मग कुठल्या दिवशी गोष्ट, कुठल्या दिवशी कृती, आणि आठवड्याच्या शेवटी मुलांनी बोलून दाखवायचं. २५ फेब्रुवारी २०२० रोजी मेलानिया ट्रम्प नानकपुऱ्यातल्या सरकारी शाळेत हा तास पाहायला आल्या आणि जगभर फोटो गेले. फोटोंमुळे या उपक्रमाची थट्टाही पुष्कळ झाली. पण शिक्षकांच्या पुस्तिका उघडून पाहिल्या तर एक साधी, हुशार गोष्ट सापडते: गोष्ट एका दिवशी संपत नाही. मुलाने घरी जाऊन पाहायचं, विचारायचं, समजून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. म्हणजे तासाचा दुसरा अर्धा भाग घरात होता. संध्याकाळी आठला कामावरून आलेल्या बापाला मुलगा विचारतो, ‘तुम्ही कुणाचे आभार मानायचे राहून गेलात का?’ आणि बाप बूट काढता काढता थांबतो. अभ्यासक्रमाचं जे काही यश असेल ते अशा बूट काढण्याच्या वेळेत होतं, असं माझं मत आहे.

महासाथीत शाळा बंद झाल्या आणि हा तास घरातल्या एका मोबाइलवर आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत सरकार बदललं, आणि शाळांत नव्या नावांचे कार्यक्रम आले. शिवाय हे सगळं दिल्लीच्या सरकारी शाळांपुरतं. यमुना ओलांडून नोएडा-गाझियाबादला आलात की उत्तर प्रदेश, दुसरीकडे गुरुग्राम-फरिदाबाद म्हणजे हरियाणा. मराठी कुटुंबं या तिन्ही राज्यांत विखुरलेली: करोल बागेत सोन्याचांदीच्या कामातली सांगलीकडची माणसं, केंद्र सरकारी वसाहतींतले बदलीवाले, लष्करातले, आणि आमच्यासारखे कंपन्यांतले. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत जाणारी मुलं थोडी, केंद्रीय विद्यालयांत आणि खासगी शाळांत जाणारी जास्त. दर तीन-चार वर्षांनी ज्याच्या बापाची बदली होते त्या मुलाला मित्र तुटल्याचं दुःख कुणी विचारत नाही. ‘नवे मित्र होतील’ हे उत्तर तयारच असतं.

शाळेतल्या तासांकडून किती अपेक्षा ठेवावी, यावर थंड पाणी ओतणारा एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. ‘मिरियाड’ नावाच्या त्या अभ्यासात ऐंशीहून अधिक शाळांतल्या आठ हजारांवर मुलांपैकी निम्म्यांना शिक्षकांनी सजगतेचे धडे दिले. २०२२ मध्ये निकाल आला: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्यात जास्त फायदा दिसला नाही. अनेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ही मुलं अकरा ते चौदा वयाची, आणि हा एकाच प्रकारचा कार्यक्रम. त्यावरून दिल्लीच्या तासाला नापास करता येणार नाही. पण वर्गात ठरावीक वेळी शांत बसवून मन तयार होतं, या भाबडेपणाला मात्र उत्तर मिळालं. भावनांचं बोलणं भूक, भांडण, उशीर आणि दमणूक यांच्या मध्येच होतं. ती वर्गापेक्षा घरात जास्त असतात.

आणि दिल्ली परिसरातलं घर म्हणजे काय, हेही पाहावं लागतं. बाप मेट्रोतून दीड तास प्रवास करून येतो. आई घरून काम करते, म्हणजे मूल दुपारी आलं तेव्हा ती हेडफोन लावून मीटिंगमध्ये असते आणि ओठांवर बोट ठेवते. नोव्हेंबरमध्ये हवा बिघडली की शाळा ऑनलाइन, खाली खेळायला बंदी, चौदाव्या मजल्यावर खिडक्या बंद आणि हवा शुद्ध करणारं यंत्र घरघरतंय. मुलाचा राग धावून, पडून, भांडून निघायची जागाच बंद होते, आणि मग तो धाकट्या भावावर निघतो. आजी-आजोबा स्क्रीनवर. यात आईवर सगळा भार टाकून ‘भावनिक पालकत्वा’चे आणखी धडे देणं हा मला अन्याय वाटतो. अमेरिकेत रॉबिन फिवुश यांनी १९८९ मध्ये आयांचं मुलांशी बोलणं नोंदवलं तेव्हा दिसलं की आया मुलग्यांशी रागाबद्दल बोलतात, मुलींशी टाळतात. बापांनी बोलायला सुरुवात केली तर कदाचित मुलगे दुःखाबद्दलही बोलतील. माझ्या पिढीच्या बापांना ते येत नाही, कारण आमच्या बापांना आम्ही रडताना पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त गप्प झालेलं. बापाने ऑफिसातून आल्यावर एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं: ‘आज साहेब सगळ्यांसमोर बोलला, मी ओशाळलो रे. जरा दहा मिनिटं गप्प बसू दे.’ यात भावना आहे, तिचं नाव आहे, आणि ती कशी सांभाळायची त्याचा नमुनाही आहे. तक्ता लागत नाही.

आमच्या शेजारच्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगतो. त्याच्या आईने शाळेत तक्रार केली नाही; त्याला ते नको होतं, आणि तिने त्याचं ऐकलं. ती फक्त रोज त्याच वेळी भाजी निवडायला बसू लागली, त्याच्याकडे न बघता. समोरासमोर बसवून ‘सांग, काय झालं’ म्हटलं की मुलं दार लावून घेतात. हात कामात आणि नजर खाली असली की उघडतात. मटार सोलता सोलता त्याने बसमधल्या सगळ्या मुलांची नावं सांगितली, कोण जास्त हसतो, कोण नाइलाजाने हसतो. एके दिवशी म्हणाला, ‘आज मी हिरमुसलो नाही, नुसता चिडलो.’ हा फरक त्याने केला, तेव्हा आई मनातून फार खूश झाली असं तिने मला गेटवर सांगितलं. मुलं अजून हसतात. पोट कमी दुखतं.

प्रत्येक पोटदुखी मटार सोलून जात नाही. मूल दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ शाळेला नकार देत असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, आवडीचं खेळणं टाकलं असेल, स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर थांबू नये. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना मानसिक आजार आढळला होता; म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात जवळजवळ तिघे. दिलशाद गार्डनला इहबास हे सरकारी रुग्णालय आहे, एम्समध्ये मुलांसाठी मानसोपचार आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू आहे आणि तिच्या भाषांत मराठी आहे. आणि हो, पोट खरोखरही दुखत असू शकतं. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.